कॅरिगन क्रीकचा डोह

रविकांतकाका पाठराबे मूळचे उमरेडचे. नागपुरात शिकून खाणीतले इंजिनिअर झाले, एकोणसत्तर साली कॅनडात सस्काटूनला आले आणि तिथल्या पोटॅशच्या खाणीतूनच निवृत्त झाले. पोटॅश म्हणजे खतात घालतात तो क्षार. तो जमिनीखाली फार खोल असतो आणि पाण्यात विरघळतो, त्यामुळे अशा खाणीत पाणी शिरलं की खाणच संपते. काकांची सगळी नोकरी भेगा शोधण्यात आणि पाणी बाहेर ठेवण्यात गेली. आमचं घर त्यांच्याच गल्लीत होतं. लहानपणी मी त्यांच्या बेसमेंटमध्ये कॅरम खेळायला जायचे, तेव्हा ते हटकून विचारायचे, "तुमच्या बेसमेंटमध्ये ओल नाही ना येत?"

निवृत्तीनंतर यामिनीकाकूंच्या गुडघ्यांना सस्काटूनची थंडी सोसेना. त्यांची मुलगी उमा मॉन्ट्रियलजवळ ब्रॉसार्डला राहते. तिने तिकडे या म्हणून फार आग्रह केला. पण थंडी तिकडेही तेवढीच, आणि "या वयात फ्रेंच कुठे शिकू?" म्हणून काकांनी तो विषय संपवला. दोन हजार तीन साली दोघं पश्चिमेला व्हँकुव्हर बेटावर राहायला गेली. एका लहान गावाच्या कडेला घर घेतलं. मागच्या अंगणाला लागून ओढा होता, कॅरिगन क्रीक.

हिवाळ्यात घर पाहायला गेले तेव्हा ओढा दुथडी भरून वाहत होता. काकूंना ते ऐकूनच बरं वाटलं. पण उन्हाळा आला आणि दोघं चकित झाली. कॅनडा म्हटलं की आपल्याला बर्फ आणि पाणी आठवतं, पण त्या बेटाच्या दक्षिण भागाचा ऋतू वेगळाच आहे. पाऊस सगळा हिवाळ्यात. जून सरला की आभाळ असं कोरडं होतं की सप्टेंबर संपेपर्यंत थेंब नाही. गवत वाळून पिवळं पडतं आणि ओढे आटतात. भूमध्य समुद्राच्या काठची हवा अशीच असते म्हणे. काका म्हणाले, "इथे तर उमरेडचा उन्हाळा पावसाळ्याशी भांडून त्याच्या जागी बसलाय."

डॉक्टरांनी काकूंना रोज चालायला सांगितलं होतं. ओढ्याच्या काठाने पायवाट होती, तिच्यावरून त्या काठी टेकत जायच्या. दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांनी काकांना हाक मारली.

"अहो, इकडे या. वारा नाही आणि पाणी हलतंय बघा."

ओढा वाहायचा थांबला होता. नुसते गोटे आणि मधेमधे डबकी उरली होती. त्यांच्यासमोरचं डबकं घंगाळाएवढं असेल. त्यात बोटाएवढे मासे दाटीवाटीने उभे होते आणि तोंडं वर काढून हवा ओढत होते. काठच्या वाळूत रकून या मासे खाणाऱ्या रानटी जनावराच्या पंजांचे ठसे होते. म्हणजे जनावरांनी जेवायला सुरुवात केली होती.

काका घरात गेले आणि काकूंचं मोठं पातेलं आणि पीठ चाळायची चाळणी घेऊन आले.

"माझी चाळणी?" काकू म्हणाल्या.

"नवी आणू."

बूट-मोजे काढून ते डबक्यात उतरले आणि चाळणीने मासे पातेल्यात घेऊ लागले. तेवढ्यात वरून आवाज आला, "अहो मिस्टर, थांबा! ते बेकायदा आहे!"

काठावर एक उंच, पिकल्या केसांची बाई उभी होती. हातात बादल्या, खांद्यावर जाळं. तिचं नाव नोरीन. आयुष्यभर तिने शाळेची बस चालवली होती आणि आता ती ओढे सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटाचं काम पाहत होती. परवानगीशिवाय या माशांना हात लावता येत नाही, असं तिने काकांना सुनावलं. मग पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "पाणी फार ऊन झालंय. आधी यांना माझ्या बादलीत टाका, बाकीचं नंतर बोलू."

त्या दिवशी काकांना कळलं की ती कोहो जातीच्या सामन माशांची पिल्लं आहेत. आपल्याकडे मत्स्यशेतीवाले ज्यांना बोटुकली म्हणतात, तेवढी. ही पिल्लं वसंतात ओढ्यात जन्मतात आणि मोठी होतात समुद्रात, पण तिकडे लगेच जात नाहीत. पूर्ण एक उन्हाळा आणि एक हिवाळा ओढ्यातच काढतात. तो एक उन्हाळा पार पडला पाहिजे. आणि नेमका तेव्हाच ओढा आटतो.

"पूर्वीही आटायचा," नोरीन म्हणाली, "पण खोल डोह राहायचे आणि त्यांना जोडणारी एक धार राहायची. आता ती धार राहत नाही."

काका गटात सामील झाले. गटाकडे परवानगी होती, बादल्यांत हवा सोडायचे बॅटरीवरचे छोटे पंप होते. दोन उन्हाळे काकांनी पिल्लं उचलून खाली पुलाजवळच्या खोल डोहात नेऊन सोडली. उमा फोनवर काळजी करायची, "बाबा, you'll slip on those rocks!" काका हो हो म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. पण वाचायची त्याहून मरायची जास्त. एका दुपारी ते घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "छप्पर गळतंय आणि आम्ही खाली भांडी ठेवतोय. ते पाणी जातं कुठे, ते बघायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी ते ओढ्याने वर चालत गेले. फार जावं लागलं नाही. वरच्या वळणावर एक पाइप डोहात सोडलेला होता आणि काठावर ट्रॅक्टरला जोडलेला पंप धडधडत होता. पाणी मक्याला चाललं होतं. मका गाईंसाठी.

ते शेत विल्मा दे योंगचं. विल्मा सत्तरीची, विधवा, डच घराण्यातली. दोन पुतण्यांच्या मदतीने दूधधंदा चालवत होती. काका एकटे गेले असते तर काय झालं असतं कोण जाणे, कारण रागावले की त्यांचं इंग्रजी फार तोडकं होतं. काकू सोबत गेल्या. त्यांनी आधी गाईंची चौकशी केली, विल्माच्या सांधेदुखीची केली, आपल्या गुडघ्यांचं सांगितलं. मग काकांनी विषय काढला.

विल्माने सगळं ऐकून घेतलं. "हे पाणी घ्यायचा परवाना माझ्या सासऱ्यांच्या वेळचा आहे. मी चोरी करत नाही."

"चोरी म्हणतच नाही आम्ही," काका म्हणाले. "पण ऑगस्टमध्ये पंप बंद ठेवला तर..."

"तर ऑगस्टमध्ये माझा मका वाळेल, आणि हिवाळ्यात माझ्या गाई काय खातील? तुमचे मासे?"

दोघं परत आली. वाटेत काकू म्हणाल्या, "तिचंही खरं आहे हो." काका वाटेवरचे गोटे पायाने ढकलत चालले. ते गप्प असले की डोक्यात काहीतरी चाललेलं असतं, हे काकूंना इतक्या वर्षांत माहीत झालं होतं.

चार दिवसांनी ते पुन्हा विल्माकडे गेले आणि या वेळी त्यांनी एक कागद नेला. सस्काटूनच्या बाजूला प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशात, प्रत्येक शेताला एक खणलेलं तळं असतं. तिथे त्याला डगआउट म्हणतात, आपण शेततळं म्हणू. वसंतात बर्फ वितळलं की ते भरतं आणि शेतकरी वर्षभर त्यावर काढतो. काकांचं म्हणणं साधं होतं. हिवाळ्यात कॅरिगन क्रीकला गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं. ते तेव्हा घ्या, तळ्यात भरून ठेवा आणि उन्हाळ्यात मक्याला द्या. मग ऑगस्टमध्ये ओढ्याला हात लावायची गरजच नाही.

विल्माने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "खणायचं कुठे?"

"ते तुम्ही सांगा. तुम्हाला शेत माहीत."

तिने खालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. दर हिवाळ्यात ट्रॅक्टर रुतायचा, त्यामुळे तिथे काही पिकतच नव्हतं. "पण एक ऐका. तळ्यात पाणी राहिलं नाही तर माझा पंप परत ओढ्यात जाईल, आणि तुम्ही पुन्हा मागायला यायचं नाही."

"कबूल," काका म्हणाले.

सरकारी परवानगी, मदतीची जमवाजमव, खणणाऱ्यांची वाट बघणं, हे सगळं नोरीनने निभावलं. तिथल्या पावसाळ्याच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी तळं खणून झालं. जानेवारीत ते काठोकाठ भरलं. काका रोज जाऊन बघून यायचे. उमाला फोनवर सांगायचे, "अगं, बदकं आलीत तळ्यात!"

एप्रिलमध्ये पाणी खाली जायला लागलं. काकांना आधी वाटलं, बाष्पीभवन. मग त्यांनी काठावर खुणेची काठी रोवली आणि आठवड्याभरात त्यांना कळून चुकलं. प्रेअरीची माती चिकण आणि घट्ट असते. इथे वरवर माती असली तरी खाली वाळू आणि गोटे. तळं चाळणीसारखं गळत होतं. मे संपताना तळाशी नुसता चिखल होता.

आयुष्यभर पाण्याच्या वाटा शोधणाऱ्या माणसाने खणण्याआधी माती तपासली नव्हती. काकांना ते फार लागलं. विल्मा तळ्याच्या काठावर उभी राहून एवढंच म्हणाली, "तळं प्रेअरीचं आणलंत, माती आणायला विसरलात." ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काका नंतर म्हणायचे.

त्या उन्हाळ्यात पंप परत ओढ्यात गेला आणि काका परत बादल्या घेऊन. संध्याकाळी घरी आले की टीव्हीसमोर बसायचे, पण बघायचे नाहीत. उमा म्हणाली, "बाबा, you tried. It's not even your creek. Just let it go." काकूंनी फोन आपल्याकडे घेतला. "उमा, तू जेवलीस का ते सांग. ओढ्याचं आम्ही बघतो."

फोन ठेवून त्या काकांसमोर येऊन बसल्या. "खाणीत भेग पडली की तुम्ही काय करत होतात हो?"

"भेग भरत होतो."

"कशाने?"

"कधी सिमेंट, कधी ती फुगणारी माती..." काका थांबले. बेंटोनाइट नावाची माती असते. ती पाणी प्यायली की फुगते आणि मग पाण्याला वाट देत नाही. सस्काटून ज्यात आहे त्या सस्कॅचवान प्रांतातच ती निघते. काका उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. "पण विल्माला शब्द दिलाय, परत मागायला येणार नाही म्हणून."

"तुम्ही दिलाय. मी कुठे दिलाय?"

काकू काठी टेकत एकट्याच गेल्या. काय बोलल्या ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. आल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणते, खड्डा तर झालाच आहे. मातीच टाकायची तर टाका. पण हे शेवटचं."

त्या शरद ऋतूत नोरीनच्या गटातली माणसं, विल्माचे पुतणे आणि काका यांनी तळ्याच्या तळाशी आणि उतारांवर ती राखाडी माती पसरली, जमिनीत मिसळली आणि रोलरने दाबून घेतली. या वेळी काकांनी आधी एका पिंपात विल्माची माती आणि बेंटोनाइट मिसळून, पाणी भरून, ते गळत नाही याची खात्री करून घेतली होती. हिवाळ्यात तळं भरलं. एप्रिल आला, मे गेला, पाणी काठीवरच्या खुणेशी थांबून राहिलं. जूनमध्ये विल्माने पंप तळ्याला जोडला. काकांनी टोपी काढून तिला नमस्कार केला.

पण दोन हजार नऊचा उन्हाळा भयंकर निघाला. जुलैच्या शेवटी असा उकाडा झाला की बेटावरच्या म्हाताऱ्यांनाही तसा आठवत नव्हता. मक्याला नेहमीपेक्षा जास्त पाणी लागत होतं. तळं भराभर उतरत होतं. काका मनातल्या मनात हिशोब करत होते आणि तो जुळत नव्हता. सप्टेंबर यायच्या आत तळं संपणार, आणि मग?

नेमका तेव्हाच हॉस्पिटलचा फोन आला. काकूंचं नाव गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी बराच काळ यादीत होतं. आता बेटाच्या टोकाच्या व्हिक्टोरिया शहरात लगेच तारीख मिळत होती. नाही म्हटलं तर पुन्हा कधी, सांगता येत नव्हतं. काकू म्हणाल्या, "ऑक्टोबरमध्ये देतील का विचारू?" काका म्हणाले, "अजिबात नाही. आताच."

उमाला कामातून लगेच निघता येईना, म्हणून मी सस्काटूनहून गेले. गाडी मीच चालवणार होते. निघण्याआधी काका विल्माकडे गेले. मीही सोबत होते. त्यांनी पंपाचं नाव काढलं नाही. म्हणाले, "मी नाहीये. जमलं तर पुलाखालच्या डोहाकडे एकदा बघून याल? मासे दिसतात का एवढंच."

"मी मासे बघणारी बाई नाही," विल्मा म्हणाली.

व्हिक्टोरियाच्या वाटेवरचा मालाहाटचा घाट उतरेपर्यंत काका खिडकीतून कोरड्या डोंगरांकडे बघत होते.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्यावर काकूंनी काकांचा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काळजी कोणाची चाललीय, माझ्या गुडघ्याची की त्या माशांची?"

"दोघांची," काका म्हणाले.

"गुडघ्याची सोडा. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहे."

हॉस्पिटलमध्ये काढलेल्या त्या दिवसांत एकदाही पाऊस आला नाही. नोरीन तेव्हा दुसऱ्या ओढ्यांवर अडकलेली होती, तिचा फोन लागत नव्हता. काका विल्माला फोन करायला दोनदा उठले आणि दोनदा बसले. मला म्हणाले, "मागायचं नाही असं कबूल केलंय. फोन केला की मागितल्यासारखंच होतं ना."

घरी परतताना काकू मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. गाव आल्यावर मी घराकडे वळणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आधी पुलावर घे."

"काकू, तुम्हाला आराम..."

"यांचा जीव थाऱ्यावर नसला तर मला घरी कसला आराम? पुलावर घे."

मी पुलाजवळ गाडी थांबवली. काका उतरले आणि काठाच्या झुडपांतून खाली दिसेनासे झाले. काकूंनी काच खाली केली. आम्ही दोघी ऐकत बसलो. वरच्या बाजूने पंपाचा आवाज येत नव्हता, पण त्यावरून काय समजायचं? कदाचित उपसायला काही उरलंच नसेल. काकूंनी माझा हात धरला होता, त्यांची पकड घट्ट होत चालली.

मग खालून हाक आली. त्या माणसाला एवढ्या मोठ्याने ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"यामिनी! आहेत गं! सगळी आहेत!"

मी धावत खाली गेले. काका पँट गुडघ्यापर्यंत भिजवून गोट्यांवर बसले होते. डोहात पाणी कमरेइतकं होतं, थंड आणि स्वच्छ. त्यात पिल्लांचे थवे सावलीकडून उन्हाकडे आणि उन्हाकडून सावलीकडे फिरत होते. अंगावर काळपट पट्टे, शेपटीकडे नारिंगी झाक. आणि डोहाच्या वरच्या अंगाला, गोट्यांमधून, हाताच्या मनगटाएवढी एक धार आत येत होती. काका त्या धारेत हात धरून बसले होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही विल्माकडे गेलो. तळ्याच्या तळाशी पाय बुडतील एवढंच पाणी होतं. आणि ओढ्याकडच्या बाजूचा मका, एक चांगला मोठा पट्टा, वाळून करडा झाला होता. पाइप कुंपणाला गुंडाळून ठेवला होता.

काका त्या मक्याकडे बघत राहिले. "विल्मा, तुम्ही पंप ओढ्यात..."

"तो जड पाइप ओढत कोण नेणार? माझी कंबर धरली होती," ती म्हणाली.

पाइप तिचे पुतणे ट्रॅक्टरने नेतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. ती म्हणत होती म्हणून आम्ही मान डोलावली. तेवढ्यात तिचा धाकटा पुतण्या गोठ्यातून बाहेर आला आणि हसत म्हणाला, "आंटी रोज दुपारी खुर्ची घेऊन पुलाखाली जाऊन बसायची. एका बगळ्याला तर तिने बूट फेकून मारला."

विल्मा त्याच्यावर डच भाषेत काहीतरी खेकसली. मग काकांकडे वळून म्हणाली, "मका पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येतो. तळं मात्र आणखी खोल करावं लागेल. या वेळी मोजमाप नीट करा."

"नीट करतो," काका म्हणाले.

"आणि त्या वाळलेल्या पट्ट्याची चर्चा गावात नको. लोक मला हळवी समजतील."

सप्टेंबरच्या अखेरीला पाऊस आला. त्या दिवशी मी अजून तिथेच होते. काकू वॉकर धरून मागच्या दारापर्यंत चालत आल्या आणि आम्ही तिघं चहा घेत पाण्याचा आवाज वाढताना ऐकत बसलो. त्यानंतर काका सोफ्यावर आडवे झाले आणि भर दुपारी असे झोपले की जेवायला उठवलं तरी उठेनात. "झोपू दे," काकू म्हणाल्या. "जुलैपासून नीट झोपला नाही हा माणूस."

पुढच्या मे महिन्यात मला काकांचा फोन आला. गटाने ओढ्याच्या मुखाशी जाळीचं कुंपण लावलं होतं. समुद्राकडे निघालेली पिल्लं त्यात क्षणभर अडवायची, बघायची आणि सोडून द्यायची. हिवाळा काढून बोटाएवढी होती ती तळहाताएवढी झाली होती, पट्टे जाऊन अंग चांदीसारखं झालं होतं. नोरीन म्हणाली, इतकी तिने या ओढ्यात कधी पाहिली नव्हती.

"विल्मापण आली होती," काका फोनवर सांगत होते. "रबरी बूट घालून कुंपणाशी उभी. नोरीनने तिच्या ओंजळीत एक मासा दिला. तिने तो पाण्यात सोडला आणि बराच वेळ हात तसाच धरून ठेवला. मग मला म्हणते, शेजारच्या रॉसलाही तळं हवंय, त्याची माती बघायला कधी जाऊ या?"

"मग कधी जाताय?" मी विचारलं.

"उद्याच," काका म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "सांगा तिला, मीपण जातेय. चालत."